मेटल गाण्यातली किक फोनवर गायब का होते? दमदार किक ड्रम मिक्स करण्याची गोष्ट

मागे एका मित्राच्या बँडची तीन गाणी मी मिक्स केली. रात्री हेडफोन लावून किक ड्रमला एवढा बेस दिला की डोक्यात हातोडा पडल्यासारखं वाटत होतं. स्वतःवर खूश होऊन फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली. दहा मिनिटांत ड्रमरचा रिप्लाय आला, "भावा, मी त्या दिवशी रेकॉर्डिंगला आलो होतो ना?"

त्याने गाणं बसमध्ये, फोनच्या स्पीकरवर ऐकलं होतं. त्यात त्याची किक औषधालाही नव्हती. चार महिने पाय घासून बसवलेला डबल बेसचा भाग, आणि ऐकू येत होत्या फक्त गिटार आणि सिंबल. चूक रेकॉर्डिंगची नव्हती, माझी होती. 'दमदार' म्हणजे 'जास्त बेस' असं मी धरून चाललो होतो. मेटलमध्ये हे समीकरण निम्मंच खरं आहे, आणि हा लेख उरलेल्या निम्म्याबद्दल आहे.

किक म्हणजे एक आवाज नाही, दोन आहेत

ड्रमसेटमधला सगळ्यात मोठा, जमिनीवर आडवा ठेवलेला ड्रम म्हणजे किक किंवा बेस ड्रम. पायाने पेडल दाबलं की बीटर नावाचा छोटा हातोडा हेडवर आपटतो. त्या क्षणी आधी बीटरचा 'टक' होतो आणि लगेच मागून ड्रमच्या पोटातला 'धप' येतो.

'धप' साधारण ५० ते ८० हर्ट्झच्या आसपास असतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. आकडा लहान तेवढा आवाज खालचा, जाड. 'टक' मात्र बराच वर, २ ते ६ किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे जिथे आपला कान सगळ्यात तिखट असतो तिथे.

आता फोनचा विचार करा. ६० हर्ट्झच्या एका लहरीची हवेतली लांबी जवळपास पावणेसहा मीटर. ती ढकलायला भरपूर हवा हलवावी लागते आणि फोनचा स्पीकर असतो नखाएवढा. त्यामुळे खालचे आवाज तो जवळजवळ देतच नाही. गणपतीत ढोल-ताशा पथकासमोर उभं राहिलं की छाती हादरते. तोच व्हिडिओ घरी येऊन फोनवर लावला की उरते ताशाची तडतड आणि टिपरूची टकटक. ढोल कुठे गेला? तो स्पीकरमध्ये मावलाच नाही.

माझ्या मिक्सचंही तेच झालं होतं. मी सगळी ताकद 'धप'मध्ये ओतली आणि 'टक'कडे बघितलंच नाही.

मेटलवाल्यांना हे फार आधी कळलं, पण फोनमुळे नाही, गिटारमुळे. डिस्टॉर्शन लावलेली गिटार मधली सगळी जागा भिंतीसारखी भरून टाकते. त्या भिंतीतून किक बाहेर काढायची तर तिला टोक हवं. मेटॅलिकाचा १९८८ सालचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम ऐका. किक अगदी कोरडी, टोकदार आणि बेस गिटार जवळपास नाहीच. त्या अल्बमवर आजही भांडणं होतात. १९९२ चा पँटेराचा 'व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर' ऐका. विनी पॉलच्या किकचा 'टक' एवढा स्पष्ट आहे की लोकांनी पुढे वर्षानुवर्षं त्याची नक्कल केली. १९९५ च्या फिअर फॅक्टरीच्या 'डिमॅन्युफॅक्चर'मध्ये तर किक आणि गिटार एकमेकांना खिळ्याने ठोकल्यासारख्या एकत्र चालतात, एखाद्या यंत्रासारख्या.

मात्र सगळ्या मेटलला असली टकटक चालत नाही, हेही सांगून ठेवतो. मेहेमच्या १९९४ च्या 'डी मिस्टेरिस डॉम साथानास'चे ड्रम नॉर्वेतल्या बर्गेनच्या ग्रीगहालेन या मोठ्या सभागृहात रेकॉर्ड झाले आणि तो हॉल त्यात ऐकू येतो. तुमचं गाणं त्या जातीचं असेल किंवा संथ डूमचं असेल, तर पुढचे बरेच आकडे बाजूला ठेवा. हा लेख थ्रॅश, डेथ, मेटलकोर असल्या वेगवान, घट्ट मेटलसाठी आहे.

७५ मिलिसेकंदांचं गणित

मला स्वतःला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही. गाण्याचा वेग २०० बीपीएम आहे, म्हणजे मिनिटाला २०० ठोके, आणि ड्रमर प्रत्येक ठोक्यात चार वेळा किक मारतोय. ६०,००० मिलिसेकंदांना २०० ने भागा, मग ४ ने. उत्तर येतं ७५. म्हणजे दर ७५ मिलिसेकंदाला एक किक, सेकंदाला तेरापेक्षा जास्त.

६० हर्ट्झची एक लहर पूर्ण व्हायलाच साधारण १७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे दोन किकच्या मध्ये त्या 'धप'ला जेमतेम साडेचार हेलकावे मिळतात. तुमच्या किकची शेपटी ३०० मिलिसेकंद लांब असेल, तर पहिलीचा आवाज संपायच्या आत आणखी तीन-चार किक त्यावर येऊन पडतात. तेव्हा कानाला तेरा किक ऐकू येत नाहीत. एक सलग घुं-घुं ऐकू येते. लांबून ट्रक चालल्यासारखी.

म्हणून गाण्याचा वेग बघितल्याशिवाय किकला हात लावायचा नाही, हा माझा आता नियम आहे. १२० बीपीएमला हेच अंतर १२५ मिलिसेकंद होतं, तिथे किकला थोडं पोट ठेवता येतं. ब्रेकडाऊनमध्ये सेकंदाला एक-दोनच किक असतात, तिथे खुशाल लांब, जाड किक ठेवा. पण एकाच गाण्यात हे दोन्ही भाग असतील तर? मग एकच सेटिंग पूर्ण गाण्याला चालणार नाही. मी किकचे सरळ दोन ट्रॅक करतो. एक संथ भागांसाठी, एक वेगवान भागांसाठी. वेगवान ट्रॅकवर हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक आकड्याखालचं सगळं कापणारी चाळणी, ७० किंवा ८० हर्ट्झपर्यंत वर नेतो आणि 'टक' दोन डेसिबलने वाढवतो. कागदावर हे उलटं वाटतं, बेस कापून किक दमदार कशी होईल? लावून बघा. घुं-घुं जाते आणि बंदुकीसारखी एकेक किक सुटी होते.

आधी ड्रमकडे बघा, मग स्क्रीनकडे

खरा ड्रम रेकॉर्ड करणार असाल तर अर्धं मिक्स तिथेच होतं. फेल्टचा बीटर मऊ आवाज देतो, प्लास्टिकचा किंवा लाकडाचा टोकदार. बीटर जिथे आपटतो तिथे हेडवर एक छोटा कडक पॅच चिकटवतात, त्यानेही 'टक' वाढतो. हेड फार ताणू नका. सुरकुत्या जातील एवढं आवळून थोडं पुढे, बस. आत एखादी उशी किंवा घडी केलेली चादर हेडला हलकी टेकवून ठेवली की शेपटी आखडते. घरातली जुनी गोधडीसुद्धा चालते, आम्ही तीच वापरली होती.

माइक म्हणाल तर एकेजी डी ११२, शुअर बीटा ५२ए, ऑडिक्स डी ६ ही नावं वारंवार ऐकू येतील. डी ६ मधून येणारा आवाज मुळातच मधून पोकळ आणि वर टोकदार असतो, म्हणून मेटलवाल्यांना तो आवडतो. काही जण आत उशीवर शुअर बीटा ९१ए सारखा चपटा माइक ठेवतात 'टक'साठी, आणि बाहेर दुसरा 'धप'साठी.

दोन माइक आले की एक भानगड येते. आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे बाहेरच्या माइकला किक थोडी उशिरा पोचते. दोन्ही ट्रॅक एकत्र केल्यावर एकाची लहर वर आणि दुसऱ्याची खाली असली तर ती एकमेकांना खातात आणि किक अचानक पातळ होते. उपाय सोपा आहे. एका ट्रॅकवरचं पोलॅरिटी उलटी करायचं बटण दाबा, ते वर्तुळावर तिरकी रेघ असलेलं, आणि ज्या स्थितीत खालचा आवाज जाड वाटेल ती ठेवा. या एका बटणाने मला जेवढा बेस परत दिलाय तेवढा कुठल्या महागड्या प्लगइनने दिला नाही.

इक्यू: वाढवायच्या आधी काढा

इक्यू म्हणजे आवाजाचा कुठला थर किती ठेवायचा ते ठरवणारं हत्यार. नवीन माणूस आधी वाढवत सुटतो. मीही तेच केलं होतं.

आधी मधला कचरा काढा. २५० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात किकचा पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा आवाज असतो. रिकाम्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखा. मेटलमध्ये तिथून ६, ८, कधी १० डेसिबलपर्यंत कापायला घाबरू नका. बाकी संगीतात एवढं कापलं तर किक पोकळ वाटेल, पण इथे ती जागा गिटारला हवीच असते. हे कापलं की काहीही न वाढवता 'धप' आणि 'टक' दोन्ही वर आल्यासारखे वाटतात.

मग 'टक' शोधा. इक्यूचा एक बिंदू अरुंद करून ६ डेसिबल वर उचला आणि २ किलोहर्ट्झपासून ८ पर्यंत हळूहळू सरकवा, गिटार चालू ठेवून. कुठेतरी किक पडद्याबाहेर आल्यासारखी वाटेल. तीच जागा. बऱ्याचदा ती ३ ते ५ किलोहर्ट्झच्या मध्ये सापडते. फार वर गेलात तर किक टाइपरायटर होते, आणि एकदा तसं वाटलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

शेवटी 'धप'. ६० च्या आसपास २-३ डेसिबल, तेही गरज असेल तर.

हे सगळं करताना किक एकटी ऐकू नका. सोलो बटण दाबून बनवलेली किक एकटी भारी वाटते आणि गाण्यात बुडते. एकटी ऐकल्यावर जरा कुरूप, जास्तच टकटक वाटणारी किक गिटारमध्ये बरोबर बसते. मला हे पटायला फार वेळ लागला.

बेस गिटारशी भांडण

साध्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. मेटलवाले ती खाली उतरवतात. ड्रॉप सी केलं की ६५, आणि सात तारांच्या गिटारची बी तार ६२ हर्ट्झच्या जवळ. म्हणजे थेट किकच्या अंगणात. बेस गिटार आणखी एक सप्तक खाली, ३० ते ४० हर्ट्झमध्ये, आणि तिचे वरचे सूर पुन्हा ६०-८० मध्येच. एका खोलीत तिघं, आणि तिघांनाही पंख्याखालची जागा हवी.

गिटारला आधी बाहेर काढा. तिच्यावर ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास लावा. एकटी ऐकली तर गिटार बारीक वाटेल, पण गाण्यात तिचं वजन बेस गिटार सांभाळते. कुणाला कळतसुद्धा नाही.

मग किक आणि बेस यांच्यात तह करायचा. एक पद्धत म्हणजे जागा वाटून देणं. किकला ६० दिलं तर बेस तिथे थोडी कापा आणि ९०-१०० ला उचला. दुसरी पद्धत साइडचेन. बेस गिटारवर कंप्रेसर लावायचा, पण त्याला कान द्यायचा किककडे. किक पडली की बेस क्षणभर ३ डेसिबल खाली वाकतो आणि लगेच सरळ होतो. ऐकणाऱ्याला बेस कमी झाल्याचं कळत नाही, किक मोठी झाल्यासारखी वाटते.

पण इथे परत ते ७५ मिलिसेकंद आठवा. सेकंदाला तेरा किक असताना बेसला सरळ व्हायला वेळच मिळत नाही. तो एकतर कायम वाकलेला राहतो, नाहीतर थरथरायला लागतो. म्हणून वेगवान भागात मी साइडचेन बंद करतो आणि खालची जागा पूर्ण बेस गिटारला देतो. बेस सलग वाजतो, त्यावर किकचा 'टक' दाणे टाकत जातो आणि मेंदू दोन्ही एकत्र जोडून घेतो. तुम्ही ऐकलेल्या बऱ्याच वेगवान मेटल गाण्यांत ज्याला तुम्ही किकचं वजन समजता, ते खरं तर बेस गिटारचं असतं.

कंप्रेसर, आणि 'खोट्या' किकचा वाद

कंप्रेसरबद्दल थोडक्यात. अॅटॅक म्हणजे कंप्रेसर किती वेळाने पकडतो ते. तो १ मिलिसेकंद ठेवलात तर 'टक'च चिरडला जातो. १५ ते ३० ठेवा, म्हणजे टोक निसटून जातं आणि मागचं पोट पकडलं जातं. रिलीज म्हणजे किती वेळाने सोडतो. वेगवान भागात पुढची किक यायच्या आत सोडलं पाहिजे, म्हणजे ५० मिलिसेकंदांच्या आसपास. रेशो ४ ला १ पासून सुरू करा.

आता सॅम्पल. वेगात वाजवताना पायाची झेप कमी होते, त्यामुळे किक हलकी पडते. बहुतेकांचा डावा पाय उजव्यापेक्षा कमजोर असतो, त्यामुळे एक जोरात, एक हळू असं होतं. यावर उपाय म्हणून आधीच रेकॉर्ड केलेला चांगला किकचा आवाज प्रत्येक ठोक्यावर चिकटवतात. कुणी पूर्ण बदलतात, कुणी खऱ्या किकमध्ये मिसळतात.

हे ऐकून लोक चिडतात, फसवणूक म्हणतात. माझं मत, ठोका ड्रमरचाच आहे, वेळ त्याचीच आहे, तर आवाजाला मदत केली म्हणून काही बिघडत नाही. मेशुगाने २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री'मध्ये तर पूर्ण ड्रमच प्रोग्रॅम केले होते, आणि त्या बँडकडे टोमास हाकेसारखा ड्रमर असताना. मात्र एकच सॅम्पल एकाच जोराने तेरा वेळा वाजलं की शिवणयंत्र ऐकल्यासारखं वाटतं. त्याच किकचे चार-पाच वेगवेगळे सॅम्पल फिरवा, प्रत्येक ठोक्याचा जोर जरा कमी-जास्त करा. आणि सॅम्पल खऱ्या किकवर नीट जुळवा. ६० हर्ट्झची अर्धी लहर ८ मिलिसेकंदांची असते, तेवढं सॅम्पल मागे पडलं की वर सांगितलेलं खाणं-पिणं पुन्हा सुरू. स्क्रीन मोठी करून दोन्ही लहरींची सुरुवात एका रेषेत आणा.

घरी माइक नाहीत, ड्रमर नाही, तर एमटी पॉवर ड्रम किटसारखं फुकट सॉफ्टवेअर आहे. फोनवर सुरुवात करायची तर बँडलॅब फुकट आहे, आयफोनवर गॅरेजबँड. साइडचेनसारखी बारीक कामं मात्र लॅपटॉपवरच नीट होतात. मी रीपर वापरतो. ६० दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरला आहे.

फोनमध्ये न मावणारा 'धप' ऐकवायचा कसा

इथे कानाची एक गंमत कामाला येते. कानाला १२०, १८० आणि २४० हर्ट्झ एकदम ऐकू आले की मेंदू स्वतःच खाली ६० असणार असं धरून चालतो, प्रत्यक्षात ते नसलं तरी. मग किकवर सॅच्युरेशन, म्हणजे हलकं डिस्टॉर्शन लावायचं. ते ६० च्या पटीतले हे वरचे सूर तयार करतं. फोनचा स्पीकर १८०, २४० थोडेफार देऊ शकतो आणि ऐकणाऱ्याला किकला पोट असल्याचा भास होतो. थोडंच लावा, नाहीतर तो खोक्याचा आवाज मागच्या दाराने परत येतो.

दुसरी जागा म्हणजे मास्टरवरचा लिमिटर, जो पूर्ण गाण्याचा आवाज एका रेषेवर अडवतो. गाणं मोठं करायच्या नादात लिमिटर दाबला की सगळ्यात आधी किक आणि स्नेअरचं टोक कापलं जातं, कारण सगळ्यात उंच तीच असतात. आणि मिळतं काय? स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस या सरासरी पातळीला आणतं. तुमचं गाणं त्याहून मोठं असेल तर ते खाली ओढलं जातं. म्हणजे मोठेपणा गेला आणि किकचं टोकही गेलं. स्लेयरचा १९८६ चा 'रेन इन ब्लड' ऐका. रिव्हर्ब जवळपास नाही, सगळं कोरडं आणि वेग भन्नाट, तरी प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो.

मिक्स झालं की मी तीन ठिकाणी ऐकतो. हेडफोनवर, 'धप'साठी. फोनच्या स्पीकरवर, फोन टेबलवर ठेवून दोन हात लांब बसून. आणि लॅपटॉपवर आवाज इतका कमी करून की शेजारच्या खोलीतलं बोलणं जास्त ऐकू यावं. त्या पातळीला किक आणि स्नेअर शेवटपर्यंत ऐकू आले पाहिजेत. आधी किक गेली तर परत इक्यूकडे.

त्या तीन गाण्यांचं पुढे काय केलं ते सांगतो. किकमधला माझा वाढवलेला सगळा बेस काढून टाकला. ३५० हर्ट्झला ८ डेसिबल कापले. ४ किलोहर्ट्झला ५ वाढवले. वेगवान भाग वेगळ्या ट्रॅकवर घेऊन त्याची शेपटी गेटने कापली आणि खालची जागा बेस गिटारला दिली. वर थोडं सॅच्युरेशन. फाइल परत पाठवली तेव्हा ड्रमर पुन्हा बसमध्येच होता. या वेळी त्याने तीनही गाणी पूर्ण ऐकली आणि लिहिलं, "दुसऱ्या गाण्यात १ मिनिट ४० ला माझा डावा पाय चुकलाय, आता ते स्पष्ट ऐकू येतंय. काही करता येईल का?"